निळ्या डब्यातलं शहर

जे शहर मी कधी पाहिलं नाही, त्याचा इतिहास मला जवळजवळ पाठ आहे. व्होल्गा नदीच्या उजव्या, उंच काठावर ते वसलंय. आधी तिथे लाकडी किल्ला होता, तोही दोनदा जळलेला. मग मीठ आलं, धान्य आलं आणि धान्यामागून व्यापारी आले. नदीला वाफेची बोट माहीत नव्हती तेव्हा माणसं छातीला पट्टे बांधून, काठाकाठाने चालत भरलेल्या नावा प्रवाहाविरुद्ध ओढायची. त्यांच्या पायांनी पडलेली वाट अजून दिसते म्हणतात. मोठी आग लागून सगळं गाव भस्म झालं, तेव्हा लोकांनी खालचा मजला विटांचा आणि वरचा लाकडाचा अशी घरं बांधली आणि खिडक्यांना कोरीव चौकटी बसवल्या. एप्रिलमध्ये नदीचा बर्फ फुटतो तेव्हा तोफेसारखा आवाज होतो. शाळेला सुटी देतात आणि अख्खं गाव काठावर येऊन उभं राहतं.

हे सगळं मला एका मुलीने लिहून कळवलं. ती तिथे राहायची, मी पुण्यात. मी एकोणीस वर्षांची होते आणि कॉलेज सांभाळून संध्याकाळी रशियन शिकत होते. का शिकत होते, ते विचारू नका. तेव्हा पुण्यात बऱ्याच जणी शिकायच्या. जर्मनचा वर्ग भरलेला होता, एवढं एक कारण मला नक्की आठवतं. आमच्या बाईंनी प्रत्येकीला एकेक पत्ता वाटला आणि पत्रमैत्री करा म्हणून सांगितलं. बाकीच्यांची मैत्री तीन-चार पत्रांत आटोपली. आमची सहा वर्षं चालली.

तिचे वडील शाळेत इतिहास शिकवायचे आणि गावाचं दोन खोल्यांचं संग्रहालय सांभाळायचे. त्यांनी गावाचा इतिहास लिहिला होता, वह्यांच्या वह्या भरून. छापणारं कुणी नव्हतं. मला भाषांतराला काहीतरी हवं होतं म्हणून ती प्रत्येक पत्रात स्वतःबद्दल एक पान लिहायची आणि पुढची चार-पाच पानं वडिलांच्या वहीतून उतरवून पाठवायची. वह्यांचं पान न् पान तिने असं माझ्याकडे पाठवलं. एकदा तिने लिहिलं होतं, ‘बाबा म्हणतात, आपल्याला हिंदुस्थानात का होईना, एक वाचक आहे.’ ते वाक्य मी वर्गात सगळ्यांना वाचून दाखवलं आणि आठवडाभर हवेत होते.

मग माझं लग्न ठरलं. मुलगा मुंबईचा, दुबईला नोकरीला. मी तिला कळवलं की लग्न होतंय आणि दुबईला जातेय, नवा पत्ता मिळाला की पाठवते. एक गोष्ट मात्र कळवली नाही. लग्नाच्या दिवशी ताटात तांदूळ पसरले, नवऱ्याने अंगठीने त्यात माझं नवं नाव लिहिलं, सगळ्यांना पेढे वाटले आणि जन्मापासूनचं माझं नाव संपलं. आडनावाचं तिला काही वाटलं नसतं, त्यांच्याकडेही ते बदलतं. पण स्वतःचं नाव? ते तिला कसं समजावून सांगायचं? खरं सांगते, मला लाज वाटली. स्त्रियांच्या प्रगतीवर मी तिला रशियन भाषेत लांबलचक पत्रं लिहिली होती, आणि आता हे कुठल्या तोंडाने लिहू? म्हणून टाळलं.

त्यानंतर तिची दोन पत्रं माहेरच्या पत्त्यावरून फिरत फिरत माझ्याकडे आली. शेवटच्या पत्रात तिने खालच्या गावाची हकिगत लिहिली होती. धरण बांधायचं ठरलं आणि नदीलगतचं अर्धं गाव पाण्याखाली जाणार होतं. चर्च सुरुंग लावून पाडलं. लाकडी घरं मात्र लोकांनी ओंडका-ओंडका सोडवून वर नेली. परत जुळवताना चुकू नये म्हणून प्रत्येक ओंडक्यावर काळ्या रंगाने आकडे टाकले होते. ते आकडे अजून भिंतींवर दिसतात. तिच्या स्वतःच्या पलंगामागे सतरा होता.

त्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. मुलगी तीन महिन्यांची होती, रात्रंदिवस रडायची. उद्या लिहू, परवा लिहू असं करता करता राहून गेलं. सगळी पत्रं बिस्किटांच्या एका निळ्या पत्र्याच्या डब्यात भरली आणि डबा कपाटावर टाकला.

पुढे रशियनच माझ्या मागे दुबईत आले. सोव्हिएत युनियन कोसळलं आणि दोन-तीन वर्षांत दुबईच्या देअरा या बाजारपेठेतल्या गल्ल्या रशियन बायकांनी भरून गेल्या. विमान भरून यायच्या, तीन दिवसांत ब्लँकेटं, चामड्याची जॅकेटं, टेपरेकॉर्डर असं मिळेल ते विकत घ्यायच्या, चिकटपट्टीने करकचून बांधलेले गठ्ठे ओढत विमानतळावर जायच्या आणि आपल्या गावच्या बाजारात विकायच्या. कालपर्यंत त्यांच्यातल्या कुणी नर्स होत्या, कुणी शिक्षिका, कुणी इंजिनिअर. दुकानांवर रशियन पाट्या लागल्या आणि त्यांतल्या निम्म्या चुकीच्या होत्या. माझ्या नवऱ्याच्या ओळखीच्या एका मराठी व्यापाऱ्याचं तिथे दुकान होतं. त्यांना भाषा येणारं माणूस हवं होतं. मुलगी ऊद मेथा भागातल्या शाळेत जायला लागली होती, मी घरी भिंती बघत बसले होते. मी लगेच हो म्हणाले.

काम सोपं होतं. मी वर माळ्यावर मालाची यादी करत बसायची. खाली रशियन गिऱ्हाईक आलं की मालक जिन्यातून ओरडायचे, “वहिनी, रशियन!” की मी खाली. कॅश काउंटरवर माझ्या नावाची पाटीही त्यांनी हौसेने रशियन अक्षरांत करून घेतली होती. नाव अर्थातच ताटातलं.

येणाऱ्या प्रत्येकीला मी तिचं गाव विचारायची. मनात एकच गाव होतं. त्याचं नाव कधी कुणाच्या तोंडून आलं नाही. मला वाटलं, तिथून कुणी येतच नसावं. आता स्वतःचाच राग येतो तो यासाठी, की तिच्या वडिलांनी अगदी पहिल्या पानावर लिहिलं होतं, हे गावाचं खरं नाव नव्हे. क्रांतीनंतर कुणा पुढाऱ्याचं नाव गावाला चिकटवलं. जुनं नावही त्यांनी दिलं होतं. ते पान मी एकोणिसाव्या वर्षी भाषांतरून विसरून गेले होते. सोव्हिएत गेलं तसं गावाने आपलं जुनं नाव परत घेतलं. त्या गावच्या बायका गेली चार वर्षं माझ्यासमोर उभ्या राहून ते नाव सांगत होत्या, आणि मी मान डोलावून ब्लँकेटं उलगडून दाखवत होते.

त्यांतली एक माझी नेहमीची. पूर्वी नर्स होती. धिप्पाड बाई, दोन सोन्याचे दात, मोठ्ठा आवाज. अठ्ठ्याण्णवच्या जूनमध्ये ती आली. बाहेर अंगाची लाही होत होती, दुकानात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून मी तिला चहा दिला. तक्रारींची गाडी सुरू झाली. कारखाना बंद, पगाराऐवजी पातेली देतात, हिवाळ्यात गरम पाण्याचे नळ फुटतात. म्हणाली, “मी राहते ते घर आजोबांनी खालच्या गावातून उचलून आणलेलं. म्हातारं झालंय. भिंतीच्या ओंडक्यांवर अजून...”

“आकडे आहेत,” मी म्हणाले. “काळ्या रंगाचे.”

तिने कप खाली ठेवला. मी विचारलं, “तुमच्या गावाचं आधी दुसरं नाव होतं का?” तिने ते नाव सांगितलं.  मी मैत्रिणीचं नाव घेतलं, तिच्या वडिलांचं, संग्रहालयाचं.

तिने वळून काउंटरवरची माझी पाटी वाचली. मग म्हणाली, “पण तुझं नाव तर वेगळं आहे!”

मग तिने जे सांगितलं ते मी एका जागी बसून ऐकलं. माझी मैत्रीण एप्रिलमध्ये नर्स आणि तिच्या सोबतच्या बायकांच्याच विमानाने दुबईला आली होती. वडील वारले होते. संग्रहालयाच्या दोन्ही खोल्या कुणीतरी विकत घेऊन तिथे दारूचं दुकान काढलं, म्हणून वह्या तिने, ती नोकरी करायची त्या वाचनालयाच्या तळघरात आणून ठेवल्या होत्या. हिवाळ्यात नळ फुटला आणि तळघर भरलं. वह्यांचा लगदा झाला. माझी पत्रं, माहेरचा पत्ता, माझा फोटो, सगळं त्यात गेलं. गावाचा तो इतिहास आता जगात एकाच ठिकाणी उरला होता, तिने मला लिहिलेल्या पत्रांत. म्हणून उसनेपासने करून ती तिकीट काढून आली होती, आणि तीन दिवस माझं माहेरचं नाव लिहिलेली चिठ्ठी हातात धरून दुकानं पालथी घालत होती.

“आम्ही हसायचो तिला,” नर्स म्हणाली. “दुबईत येऊन एक पिशवीसुद्धा घेतली नाही. मी तिला सांगितलं होतं, रशियन बोलणारी एक हिंदुस्थानी बाई मला माहीत आहे, पण तिचं नाव हे नव्हे. तरी ती इथे येऊन विचारून गेली.”

मी मालकांकडे वळले. त्यांना सगळं मराठीत सांगितलं आणि विचारलं, अशी कुणी आली होती का?

“हां हां, आली होती ना एक बाई. बारीकशी, चष्मेवाली. इंग्लिश बोलत होती थोडं थोडं. पर्चेस काही नव्हता, म्हणून म्हटलं वहिनींना कशाला डिस्टर्ब करा. चिठ्ठी दाखवली. मी म्हटलं, नो सच लेडी हिअर. मग विचारते, तुमच्याकडे रशियन येणारी मॅडम आहे ती पुण्याची का? म्हटलं, नाही बाई, आमच्या वहिनी मुंबईच्या. पाटी पण दाखवली तुमची. पाटी वाचली, थँक्यू म्हणाली, गेली. खलास.” मग माझ्या चेहऱ्याकडे बघून त्यांचा आवाज उतरला. “का हो वहिनी? काही चुकलं का माझं?”

त्यांचं काय चुकलं? एक शब्दही खोटा नव्हता. मी मुंबईचीच होते, नवऱ्याच्या गावाची. नाव पाटीवर होतं तेच होतं. आणि ती आली तेव्हा मी त्यांच्या डोक्यावर, माळ्यावर, ब्लँकेटांच्या गठ्ठ्यांत बसले होते.

संध्याकाळी नर्सला घेऊन मी घरी गेले. दुबईला लागून असलेल्या शारजातला आमचा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. कपाटावरून डबा काढला. पत्रं कोरडी होती, शाई थोडी फिकट झाली होती, पण अक्षर न् अक्षर लागत होतं. नर्सने दोन-तीन पानं वाचली. तिच्यासारखी दणकट बाई, पण डोळे पुसायला लागली. म्हणाली, “दे माझ्याकडे. परवा रात्री विमान आहे. जाऊन तिच्या हातात ठेवते.”

आणि मी नाही म्हणाले.

आजवर अनेकांना मी अनेक कारणं सांगितली. तिच्या गठ्ठ्यात काही हरवलं असतं, कस्टमवाले काढून घेतात, आधी झेरॉक्स काढायला हव्या होत्या. खरं कारण वेगळंच होतं. मला ती समोर हवी होती. मला तिला बघायचं होतं, माझ्या हाताने डबा तिच्या हातात द्यायचा होता आणि त्या वेळचा तिचा चेहरा बघायचा होता. एका वाचकाला जरा मोठेपणा हवा होता. मी नर्सला म्हणाले, “तिला सप्टेंबरमध्ये घेऊन ये. उन्हाळा कमी झालेला असेल. तिकीट मी काढते. माझ्याकडेच राहील.” आणि एक पत्र लिहून दिलं. त्यात ताट, तांदूळ, अंगठी सगळं समजावून लिहिलं, माफी मागितली आणि खाली दहा वर्षांनी माझं जुनं नाव लिहिलं.  पत्त्याच्या जागी दुकानाचा पोस्ट बॉक्स टाकला, कारण इथे घरी पत्र येतच नाही.

“ये म्हणावं,” मी नर्सला जिन्यात पुन्हा सांगितलं.

“येईल, येईल,” ती म्हणाली. “तू बघच.”

मी पाहुणचाराच्या तयारीला लागले. नवऱ्याने नवी गादी आणली. मुलीने विचारलं, “विच आँटी इज कमिंग?” मी म्हटलं, माझी मैत्रीण. ती म्हणाली, “यू हॅव अ फ्रेंड?” दहा वर्षांच्या पोरीने खवचटपणे नव्हे, खरोखर आश्चर्याने विचारलं. माझी कुणी मैत्रीण तिने कधी पाहिलीच नव्हती.

ऑगस्टमध्ये रशियाचा रुबल कोसळला. एका आठवड्यात देअरा ओस पडलं. विमानं बंद झाली. दुकानदार दारात खुर्च्या टाकून एकमेकांकडे बघत बसायचे. आमचे मालक रोज म्हणायचे, “येतील, इन्शाल्ला येतील.” सप्टेंबर गेला. नोव्हेंबरात त्यांनी शटर ओढलं आणि उरलेला माल घेऊन ते उम्म अल कुवैन या लहानशा अमिरातीत एका गोडाऊनमध्ये गेले. निघताना ती माझ्या नावाची पाटी त्यांनी मला आठवण म्हणून दिली. मी ती घेतली.

शेजारच्या दुकानातल्या मलबारी चाचांकडे मी माझा घरचा फोन नंबर लिहून ठेवला. सोन्याच्या दातांची रशियन बाई आली तर मला लगेच कळवा म्हणून बजावलं. दुकानाबरोबर पोस्ट बॉक्सही बंद झाला, ते मात्र माझ्या डोक्यात आलं नाही.

पत्रांच्या झेरॉक्स काढल्या. नवरा म्हणाला, “कुरिअरचे अडीचशे दिराम? म्हणजे पावणेतीन हजार रुपये! आणि पत्ता तरी बरोबर आहे का?” पत्ता दहा वर्षांपूर्वीचा होता, नवा आहे का ते नर्सला विचारायचं राहून गेलं होतं. तरी पाठवलं, गावाचं आत्ताचं नाव घालून. सात महिन्यांनी पाकीट परत आलं. त्यावर रशियनमध्ये शिक्का होता, या पत्त्यावर राहत नाही. मग नुसतं ‘वाचनालय’ लिहून पाठवलं. ते परतसुद्धा आलं नाही.

मग मी एक वेडेपणा केला. ती पत्रं पहिल्यापासून मराठीत उतरवायला घेतली. सकाळी मुलगी शाळेत गेली की बसायची. किल्ला झाला, मिठाची गोदामं झाली, नावा ओढणारे झाले. आगीपर्यंत आले. एकदा मुलीने मागून डोकावून पाहिलं आणि विचारलं, “मम्मा, हू विल रीड धिस?” मी तिला झिडकारलं. पण ते वाक्य वहीवर बसूनच राहिलं आणि आगीनंतरचं गाव मी परत बांधू शकले नाही.

दोन हजार एकच्या मार्चमध्ये चाचांचा फोन आला. “मॅडम, वो गोल्ड टूथवाली आई है. जल्दी आओ.”

मी टॅक्सी केली. डबा बरोबर घेतला. या खेपेला शहाणपण करायचं नाही, नुसता हातात द्यायचा, एवढं ठरवून निघाले. नर्स रस्त्याकडेला आपल्या गठ्ठ्यावर बसली होती. बारीक झाली होती. मला बघून उठली, पण हसली नाही. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

मी डबा पुढे केला. “हे घे. तिला दे.”

“ती गेली,” नर्स म्हणाली. “मागच्या हिवाळ्यात. छातीत पाणी झालं. औषधं नव्हती, मी होते शेवटी जवळ.”

मी खाली फुटपाथवर बसले. ती माझ्या शेजारी बसली.

“माझं पत्र दिलं होतंस का तू?”

“उतरल्या दिवशीच दिलं. तिने चार वेळा वाचलं. नाव बदलतात ते वाचून खूप हसली, म्हणाली, आमच्या गावासारखंच की. सप्टेंबरात भेटणारच म्हणून आधी थांबली, येणं रद्द झाल्यावर मग तुला लिहिलं, तेव्हा टपालाला तीन-तीन महिने लागायचे. दर महिन्याला लिहायची. येणं आता शक्य नाही, झेरॉक्स पाठव, नाहीतर निदान खालच्या गावाचं तेवढं पाठव, असं. पोस्टात मी स्वतः टाकलीत तिची पत्रं. त्या दुकानाच्या नंबरावर.” तिने आमच्या जुन्या दुकानाकडे पाहिलं. तिथे आता मोबाइलचं दुकान होतं. “वडील गेल्यावर घर बदलून ती माझ्या शेजारी आली होती, वर्षभर विचारत होती मला, आलं का काही? मग विचारायची थांबली. मी चिडले होते तुझ्यावर. तीच म्हणायची, राहू दे, तिचं असंच आहे. ती आधीही एकदा अशीच गप्प झाली होती.”

हे तिचं शेवटचं वाक्य माझ्याबद्दल. आणि ते खरं होतं.

समोरून ट्रॉलीवाले ओरडत जात होते, नर्सच्या सोबतच्या बायका तिला बोलावत होत्या, बस उभी होती. मी डबा परत तिच्या मांडीवर ठेवला. म्हणाले, “तरी घेऊन जा. गावाचं आहे, गावात राहू दे.”

तिने झाकण उघडलं, वरचं पान बघितलं, झाकण लावलं. ती चिडली नव्हती. खरंच विचारत होती.

“कुणाला देऊ?” ती म्हणाली. “वाचनालय बंद झालं. तरुण पोरं मॉस्कोला गेली. सांग ना, कुणाला देऊ? ती एकटीच तर मागत होती.”

मी डबा घेऊन घरी आले आणि कपाटावर जिथे होता तिथे ठेवला.